नंबर बरोबर, तरी चष्मा त्रास देतो: दोष काचेत, फ्रेममध्ये की फिटिंगमध्ये?

तक्रारी ठरलेल्या असतात. काचेची कड फ्रेमबाहेर डोकावते, चष्मा नाकावरून घसरतो, दिव्यांभोवती निळी-पिवळी किनार दिसते, जिना उतरताना पायरी जवळ आल्यासारखी वाटते, संध्याकाळी डोकं जड होतं. नंबर पुन्हा तपासला तर तो बरोबर निघतो. मग ‘सवय होईल’ हे उत्तर मिळतं, आणि पुढच्या वेळी आणखी पातळ, आणखी महाग काच घ्यायचा सल्ला. वर्षभराने नव्या चष्म्यातही तीच तक्रार.

हे चक्र चालू राहतं, कारण निवडीचा क्रम उलटा असतो. आधी आवडलेली फ्रेम, मग त्या फ्रेमला झाकून नेईल अशी काच, आणि बाहुलीचं माप शेवटी, घाईत. क्रम असा हवा: आधी नंबर आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, त्यावरून फ्रेमचा आकार, आणि मग काचेचं मटेरियल. मटेरियल बदलून जेवढं साधतं त्यापेक्षा बऱ्याचदा फ्रेम सहा मिलिमीटरने लहान केल्याने जास्त साधतं. पुढे त्याचा हिशेब दिला आहे.

आधी दोष कुठला आहे ते ओळखा

चष्मा घालून एकेक डोळा झाका. एकाच डोळ्याला समोरचं धूसर दिसत असेल तर त्या काचेचा नंबर, सिलिंडरचा (एकाच दिशेने लागणाऱ्या नंबराचा) ॲक्सिस, म्हणजे कोन, किंवा मध्यबिंदू (काचेतली प्रकाश न वळवणारी जागा) चुकलेला असण्याची शक्यता जास्त. समोर अगदी स्वच्छ पण बाजूला पाहिलं की धूसर किंवा रंगीत दिसत असेल, तर मटेरियल, काचेची गोलाई किंवा फ्रेमचा मोठा आकार यांच्याकडे बघा. एकेका डोळ्याने ठीक पण दोन्ही उघडल्यावर ताण येत असेल, तर दोन काचांचे मध्यबिंदू बाहुल्यांशी जुळत नाहीत, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक आहे.

यानंतरची चाचणी सगळ्यात उपयोगाची. चष्मा डोळ्यांवर असतानाच फ्रेम दोन्ही हातांनी धरा आणि ती दोन-तीन मिलिमीटर वर उचला, खाली न्या, डोळ्यांकडे दाबा, खालची कड गालाकडे झुकवा. यातल्या एखाद्या हालचालीने त्रास लगेच कमी झाला तर काच बदलायची गरज नाही, फिटिंग बदलायचं आहे. कोणत्या हालचालीने बरं वाटलं ते चष्मेवाल्याला नेमकं सांगा. नुसतं ‘नीट दिसत नाही’ म्हटलं तर पुन्हा नंबरच तपासला जाईल.

काही लक्षणं मात्र चष्म्याची नसतात. अचानक कमी दिसू लागणं, डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होणं, पडदा सरकल्यासारखं वाटणं, एका डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसणं, नव्यानेच एकाचे दोन दिसू लागणं. यांतलं काहीही असेल तर दुकानात न जाता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

काच जाड दिसते, जड लागते

मायनस नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. कडेची जाडी तीन गोष्टींवर ठरते: नंबर, मटेरियलचा इंडेक्स (ते प्रकाश किती वळवतं तो आकडा; जितका जास्त तितकी काच पातळ), आणि काचेच्या मध्यबिंदूपासून सगळ्यात दूरच्या कडेपर्यंतचं अंतर. या तिसऱ्या अंतराचा वर्ग होतो, म्हणून सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच.

ढोबळ सूत्र: मिलिमीटरमधल्या त्या अंतराचा वर्ग गुणिले नंबर, भागिले [२००० गुणिले (इंडेक्स वजा १)]. आलेल्या उत्तरात मधली जाडी मिळवा.

फ्रेमच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे असतात. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधलं ब्रिजचं अंतर, १४० म्हणजे काडीची लांबी. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७०. पीडी ६२ असेल तर फरक ८, म्हणजे प्रत्येक काचेचा मध्यबिंदू फ्रेमच्या मध्यापासून ४ मिमी नाकाकडे सरकवावा लागतो. त्यामुळे कानाकडची कड मध्यबिंदूपासून २६ अधिक ४, म्हणजे ३० मिमीवर जाते. त्याच व्यक्तीने ४६-१८ ची फ्रेम घेतली तर बेरीज ६४, सरकवणं १ मिमी, आणि कड २३ अधिक १, म्हणजे २४ मिमीवर.

आता नंबर मायनस ६ धरा. मधली जाडी साध्या सीआर-३९ ला (नेहमीचं प्लॅस्टिक, इंडेक्स सुमारे १.५) २ मिमी, १.६० इंडेक्सला १.३, १.६७ ला १.२ आणि १.७४ ला १.१ धरली, तर कानाकडची कड अशी येते:

५२-१८ च्या फ्रेममध्ये: साधी काच ७.४ मिमी, १.६० ची ५.८, १.६७ ची ५.२, १.७४ ची ४.७.

४६-१८ च्या फ्रेममध्ये: साधी काच ५.५ मिमी, १.६० ची ४.२, १.६७ ची ३.८, १.७४ ची ३.४.

लहान फ्रेममधली १.६० ची काच मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षा अर्धा मिलिमीटर पातळ निघाली. शिवाय फ्रेम तीच ठेवून १.६७ वरून १.७४ वर गेल्याने जेमतेम अर्धा मिलिमीटरच वाचतो, हेही बघा. हे आकडे सपाट हिशेबाचे आहेत. ॲस्फेरिक काच (नेहमीपेक्षा सपाट डिझाइनची) आणि कड घासण्याची पद्धत यांनी थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही.

म्हणून मायनस ४ च्या पुढे नंबर असेल तर फ्रेमची रुंदी आणि ब्रिज यांची बेरीज पीडीपेक्षा २ ते ४ मिमीहून जास्त असू नये. आकार गोलसर किंवा लंबगोल घ्या; कोपरे बाहेर खेचलेली फ्रेम घेतली की सगळ्यात जाड भाग नेमका त्या कोपऱ्यात येतो. चेहरा रुंद आणि पीडी कमी असेल तर काच लहान ठेवून ब्रिज रुंद आणि बिजागरीचा भाग बाहेर आलेला असलेली फ्रेम शोधा. चेहऱ्यावर ती भरलेली दिसते, पण काच मोठी होत नाही. जाड ॲसिटेट प्लॅस्टिकची किनार तीन-चार मिलिमीटर कड सहज लपवते. बारीक धातूच्या फ्रेममध्ये तीच कड समोरूनही दिसते.

जाड कडेचे आणखी दोन उपद्रव दुकानात लक्षात येत नाहीत, घरी येतात. नाकाकडची कड नोजपॅडच्या तारेला टेकते आणि पॅड हवे तसे वळत नाहीत. कानाकडची कड बिजागरीत अडते आणि काडी पूर्ण मिटत नाही. काच घासताना खाचेचा कंगोरा कडेच्या मध्यावर न देता पुढच्या पृष्ठभागापासून साधारण एक तृतीयांशावर द्यायला सांगितलं, तर जाडी मागे जाते आणि समोरून कमी दिसते. मात्र तारांची लांबी पुरते का हे आधी पाहावं लागतं.

जड लागण्याचं गणित वेगळं. पातळ म्हणजे हलकी, असं नाही. दर घनसेंटिमीटरला ट्रायव्हेक्स १.११ ग्रॅम, पॉलिकार्बोनेट १.२० (दोन्ही आघात सोसणारी प्लॅस्टिकं), सीआर-३९ १.३२, १.६७ सुमारे १.३५, १.७४ सुमारे १.४७ आणि खरी काच २.५ ग्रॅम. नंबर दोनच्या आत असेल तर हाय इंडेक्स घेऊन जाडीत डोळ्याला दिसेल असा फरक पडत नाही. तिथे हलकेपणा हवा असेल तर ट्रायव्हेक्स, आणि स्वच्छ दिसणंच हवं असेल तर साधी सीआर-३९ पुरते. दीड नंबरासाठी १.६७ विकणाऱ्याला तो का हवा, हे एकदा विचाराच.

प्लस नंबराचा प्रकार उलटा. तिथे काच मध्ये फुगते, आणि तयार स्टॉकमधली गोल काच कापून बसवली तर तो फुगवटा तसाच राहतो. प्लस ५ ची ६५ मिमी व्यासाची साधी काच मध्ये सव्वासहा मिमीच्या आसपास असते. फ्रेमला लागणारा व्यास ५० च असेल आणि तेवढ्यासाठीच काच घासून घेतली, तर तीच साधारण चार मिमीवर येते. इंडेक्स न बदलता दोन मिलिमीटर वाचले. त्यामुळे प्लस ३ च्या पुढे ‘फ्रेमच्या आकारानुसार सरफेसिंग करून द्या’ हे वाक्य ऑर्डरवर लिहून घ्या. लॅबला फ्रेम किंवा तिचं ट्रेसिंग पाठवावं लागतं, दोन-चार दिवस जास्त जातात. ॲस्फेरिक डिझाइनचा खरा फायदाही प्लसमध्येच जास्त: काच सपाट होते आणि समोरच्याला तुमचे डोळे मोठे दिसणं कमी होतं.

दिव्यांभोवती रंगीत किनार, बाजूला पाहिलं की धूसर

हा मटेरियलचा दोष, आणि तो ॲबे आकड्यावरून कळतो. ॲबे जितका कमी, तितकी काच रंग जास्त फाकवते. सीआर-३९ चा ॲबे ५८, ट्रायव्हेक्स ४३ ते ४५, १.६० (एमआर-८ नावाचं मटेरियल) सुमारे ४१, १.५६ साधारण ३६ ते ३८, १.७४ सुमारे ३३, १.६७ सुमारे ३२ आणि पॉलिकार्बोनेट ३०.

किनार किती दिसेल हे मध्यबिंदूपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन, त्याला नंबराने गुणून, ॲबेने भागलं की कळतं. मायनस ६ च्या काचेत मध्यापासून १ सेमी बाजूला पाहताना पॉलिकार्बोनेटमध्ये ०.२०, १.६० मध्ये सुमारे ०.१५ आणि सीआर-३९ मध्ये ०.१० प्रिझम डायॉप्टर (प्रकाश बाजूला वळण्याचं माप) येतात. ०.१ च्या आसपास बऱ्याच जणांना किनार जाणवू लागते. पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं, रात्रीचे दिवे, खिडकीची चौकट अशा ठिकाणी ती आधी दिसते.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते: मध्यबिंदू बाहुलीपासून चार-पाच मिलिमीटर बाजूला बसला असेल, तर किनार समोर पाहतानाही दिसते. म्हणून ‘पॉली चालत नाही मला’ असं ठरवण्याआधी मध्यबिंदू तपासा. मायनस-प्लस तीनच्या आत आणि मध्य जुळलेला असेल तर पॉलिकार्बोनेटची किनार फार थोड्यांना त्रास देते. चारच्या पुढे १.६० हा समतोल पर्याय आहे, १.६७ आणि १.७४ सात-आठच्या पुढे, जाडी खरंच नको होते तेव्हा. लहान मुलं, खेळाडू, कारखान्यात काम करणारे आणि एकाच डोळ्याने दिसणारे यांच्यासाठी मात्र हा हिशेब बाजूला ठेवा. तिथे आघात सोसणं महत्त्वाचं, म्हणजे पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, आणि दोन्ही मिळत असतील तर ट्रायव्हेक्स.

किनार रंगीत नसून पांढरट प्रतिबिंबं दिसत असतील तर कारण वेगळं. इंडेक्स वाढला की परावर्तनही वाढतं: १.५० च्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के, १.६७ वरून १२ टक्क्यांच्या वर, १.७४ वरून १४ टक्क्यांच्या वर प्रकाश परततो. हाय इंडेक्स काच अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगशिवाय घेणं म्हणजे पैसे वाया. ब्लू-कटचा या कोणत्याच तक्रारीशी संबंध नाही. तो घेतल्याने किनार जात नाही, उलट काचेला हलका पिवळसरपणा येतो.

मध्यबिंदू घरी कसा तपासायचा

चष्मा हातभर लांब धरा आणि एका डोळ्याने काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. काचेतून दिसणारा कडेचा तुकडा वर-खालच्या कडेपासून तुटून बाजूला सरकलेला दिसेल. चष्मा आडवा सरकवत न्या; तुकडा वरच्या-खालच्या कडेशी एका रेघेत आला की त्या जागी काचेवर मार्करने उभी खूण करा. दुसऱ्या काचेवर तेच. दोन खुणांमधलं अंतर मोजून पीडीशी ताडून बघा. सिलिंडर नंबर तिरक्या ॲक्सिसचा असेल तर रेघ कललेली दिसते आणि ही पद्धत फसवते. अशा वेळी लेन्सोमीटरवरच (काचेचा नंबर मोजण्याच्या यंत्रावर) तपासून घ्या. एकच्या आतल्या नंबराला खूण नेमकी सापडत नाही, पण तिथे तिची फारशी गरजही नसते.

चुकीची किंमत काढायला सोपा नियम: सेंटिमीटरमधली चूक गुणिले नंबर, म्हणजे तेवढे प्रिझम डायॉप्टर. मायनस ६ ला पीडीत एकूण ५ मिमीची चूक म्हणजे ३ प्रिझम डायॉप्टर, दिवसभर डोळ्यांवर. वर-खालची चूक आणखी वाईट, कारण डोळ्यांना ती सावरता येत नाही. अमेरिकेच्या आन्सी झेड ८०.१ या मानकात आडवी सूट २.५ मिमी आहे आणि उभी फक्त १ मिमी. फ्रेम चेहऱ्यावर तिरकी बसली असेल तर एवढा फरक सहज पडतो, म्हणून लॅबला दोष देण्याआधी फ्रेम सरळ करून घ्या.

पीडी दोन डोळ्यांची वेगवेगळी घ्यायला सांगा. नाकाच्या मध्यापासून उजवा ३०, डावा ३२ असं असणं अगदी सामान्य आहे. तिथे सरसकट ६२ लिहिलं की दोन्ही काचांचे मध्य १ मिमीने चुकतात.

जमीन हलते, पायरी जवळ येते, कडा वाकतात

नवा नंबर, विशेषतः नवा सिलिंडर, पहिल्यांदा लागला असेल तर आठवडा-दोन आठवडे हे होऊ शकतं. तेवढ्यात जुना आणि नवा चष्मा आलटून पालटून वापरू नका. मेंदूला जुळवून घ्यायला उलट जास्त वेळ लागतो. समोरचं धूसर दिसणं मात्र सवयीने जात नाही. ते पहिल्या दिवशी असेल तर पंधराव्या दिवशीही असेल.

नंबर तोच असून गरगरत असेल तर तीन शक्यता बघा.

काचेची गोलाई बदलली. जुनी काच जास्त गोल आणि नवी ॲस्फेरिक, सपाट असेल तर सरळ रेषा वेगळ्या दिसतात. जुना चष्मा टाकून देऊ नका. दोन्हींची गोलाई लेन्स क्लॉक या लहान उपकरणाने मोजून पुढच्या ऑर्डरला जुन्याच्या जवळची मागता येते.

फ्रेम गुंडाळलेली आहे. खेळाच्या किंवा उन्हाच्या चष्म्यासारख्या वळलेल्या फ्रेममध्ये साधी नंबरची काच बसवली की काच डोळ्यासमोर तिरकी उभी राहते आणि नसलेला सिलिंडर तयार होतो. मायनस ६ ची काच २० अंशांनी वळली तर सुमारे ०.८ चा सिलिंडर आणि जवळजवळ पाव नंबर जादा मायनस मिळतो. लेन्सोमीटरवर मात्र काच निर्दोष दिसते, कारण तिथे ती सपाट ठेवलेली असते. उपाय दोनच: सपाट फ्रेम, किंवा त्या वळणासाठी नंबर सुधारून बनवलेली फ्रीफॉर्म काच. तीन नंबराच्या पुढे वळलेली फ्रेम हौस म्हणूनही घेऊ नये, असं आमचं मत.

काच डोळ्यापासून दूर गेली. तपासणीच्या फ्रेममध्ये काच १२ मिमीवर होती आणि नवा चष्मा १६ वर बसतो, तर मायनस १० ला ०.४ नंबर कमी पडतो आणि दूरचं धूसर दिसतं. प्लसला उलट, नंबर जास्त लागल्यासारखा होतो. चष्मा डोळ्यांकडे दाबल्यावर दूरचं स्पष्ट होत असेल तर हेच कारण. नोजपॅड काचेकडे सरकवून चष्मा डोळ्यांजवळ आणला की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

दोन डोळ्यांच्या नंबरात दोन-तीनचा फरक असेल तर वाचताना वेगळीच अडचण येते. उजवा मायनस २, डावा मायनस ५, आणि वाचताना नजर मध्यापासून ८ मिमी खाली: दोन डोळ्यांत २.४ प्रिझम डायॉप्टरचा उभा फरक. ओळी एकमेकींवर चढतात. कमी उंचीची फ्रेम, मध्यबिंदू जरा खाली घेतलेला वेगळा वाचनाचा चष्मा, बायफोकल-प्रोग्रेसिव्हमध्ये स्लॅब-ऑफ (हा उभा फरक भरून काढण्यासाठी एका काचेवर केलेलं घासकाम), किंवा थेट कॉन्टॅक्ट लेन्स, हे पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सिलिंडरवाल्यांचा खास त्रास: काच फिरते

दोन महिने चष्मा छान चालला आणि मग हळूहळू एका डोळ्याला सावली दिसू लागली, तर नंबर वाढला असं धरून चालू नका. फ्रेम गोल आहे का ते बघा. गोल फ्रेमचा रिम-स्क्रू ढिला झाला की पुसताना काच खाचेत फिरते. चौकोनी फ्रेममध्ये कोपरे तिला अडवतात. दोनच्या सिलिंडरला ५ अंश फिरणं म्हणजे सुमारे ०.३५ ची चूक, १० अंश म्हणजे ०.७. ३० अंश फिरली तर सिलिंडर असून नसल्यासारखा. दीडच्या वरच्या सिलिंडरला वर सांगितलेल्या मानकात फक्त २ अंशांची सूट आहे, यावरून अंदाज यावा.

फिटिंगच्या दिवशीच काचेच्या कडेवर आणि रिमवर समोरासमोर बारीक खूण करून घ्या. नंतर शंका आली की खुणा जुळतात का एवढंच बघायचं. काच फिरली असेल तर लेन्सोमीटरवर ॲक्सिस लावून स्क्रू आवळतात. पुन्हा फिरत असेल तर खाचेत बारीक लायनर घालतात. सिलिंडर एकच्या वर असेल तर पूर्ण गोल फ्रेम टाळलेली बरी.

चष्मा घसरतो

घसरतो म्हणून काड्या आत वाकवून घट्ट करणं हा सगळ्यात जास्त केला जाणारा चुकीचा उपाय. काड्या कानाच्या आधीच कानशिलाला दाबू लागल्या की त्या चष्म्याला पुढे ढकलतात. काडी डोक्याला हलकेच टेकत कानापर्यंत यावी आणि तिचा बाक कानाच्या वरच्या टोकामागे लगेच सुरू व्हावा. बाक एक सेंटिमीटर मागे असेल तर चष्मा तेवढा पुढे येऊनच थांबतो. आधी बाक, मग पॅड, मग काड्यांचा फाक, या क्रमाने दुरुस्ती करा.

चष्मा उलटा करून, काड्या उघडून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगला तर फ्रेम पिळली आहे.

फ्रेमचं मटेरियल इथे महत्त्वाचं. ॲसिटेट गरम करून हवं तसं वळवता येतं आणि तसं राहतं. टीआर-९० हे प्लॅस्टिक हलकं आणि लवचीक, पण तीच लवचीकता फिटिंगच्या आड येते. वळवलेली काडी बऱ्याचदा मूळ आकारावर परतते. ज्यांना दुकानात घालताक्षणी व्यवस्थित बसते त्यांनीच ते घ्यावं. नाकाचा पूल सपाट असेल तर प्लॅस्टिकच्या घडीव ब्रिजपेक्षा वळवता येणारे पॅड असलेली धातूची फ्रेम बरी. धातूने त्वचा लाल होत असेल तर निकेलचा संशय घ्या आणि शुद्ध टायटॅनियम मागा. मोनेल या मिश्रधातूत निकेल भरपूर असतं.

प्रोग्रेसिव्ह चालत नाही

प्रोग्रेसिव्ह म्हणजे वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेली, मध्ये रेघ नसलेली काच. दूरचं पाहायला हनुवटी खाली घ्यावी लागते? फिटिंग क्रॉस (काचेवरची बाहुलीसमोर यायची खूण) बाहुलीच्या वर बसला आहे. नोजपॅड थोडे फाकवून फ्रेम खाली आणा. वाचताना हनुवटी फार वर करावी लागते? क्रॉस खाली आहे. पॅड जवळ घेऊन फ्रेम वर चढवा. पुस्तक एका बाजूला धरलं तरच दिसतं? दोन डोळ्यांची पीडी वेगळी घेतलेली नाही. पॅडने एक-दोन मिलिमीटर मिळतात, त्यापुढे काच नव्याने करावी लागते. घडीव ब्रिजच्या फ्रेममध्ये तेही मिळत नाहीत, म्हणून पहिल्या प्रोग्रेसिव्हसाठी पॅडवाली फ्रेमच घ्या.

क्रॉसपासून खालच्या रिमपर्यंत नेहमीच्या डिझाइनला १७-१८ मिमी लागतात, आखूड कॉरिडॉरला (दूरच्या नंबरापासून वाचनाच्या नंबरापर्यंतचा पट्टा) १४ च्या आसपास. बारीक आडव्या फ्रेममध्ये वाचनाचा भाग कापलाच जातो.

खुणा पुसलेल्या असल्या तरी काचेवर कायमची कोरीव चिन्हं असतात. काच उजेडाकडे तिरकी धरली की ३४ मिमी अंतरावरची दोन सूक्ष्म वर्तुळं किंवा चिन्हं दिसतात. कानाकडच्या चिन्हाखाली ॲडिशनचा, म्हणजे वाचनासाठी वाढवलेल्या नंबराचा, आकडा असतो. कंपनीच्या चार्टवर ती ठेवून क्रॉस पुन्हा आखता येतो आणि मग चष्मा घालून बाहुलीशी ताडता येतो. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्याला आधी हे करायला सांगा. दिवसभर संगणकासमोर असाल आणि फक्त मधलं अंतर अरुंद वाटत असेल, तर प्रोग्रेसिव्ह निर्दोष असूनही त्या कामाला अपुरी आहे; ऑफिस लेन्स वेगळी घ्यावी लागेल.

तडे आणि कोटिंगवरची जाळी

रिमलेसमध्ये भोकाभोवती तडा जातो तो बहुधा मटेरियलच्या निवडीमुळे. सीआर-३९ आणि १.५६ भोक पाडायला ठिसूळ. ट्रायव्हेक्स सगळ्यात भरवशाचं, त्याखालोखाल एमआर-८. पॉलिकार्बोनेट टिकतं, पण ॲसिटोन किंवा थिनरचा स्पर्शही त्याला चालत नाही. नेलपॉलिश काढताना चष्मा दूर ठेवा. तडा स्क्रू जास्त आवळल्यानेही जातो.

उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसत असतील तर कोटिंग फाटलं आहे. कारण उष्णता: बंद गाडीचा डॅशबोर्ड, कढत पाणी, भट्टीसमोरचं काम. खालचं प्लॅस्टिक जास्त प्रसरण पावतं, वरचा कडक थर तेवढा ताणत नाही. दुरुस्ती नाही, काच बदलावी लागते. कोमट पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब एवढंच धुण्यासाठी वापरा.

जाळी फक्त कडेजवळ असेल तर काच किंचित मोठी कापून रिममध्ये कोंबली असू शकते. एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल चढवा आणि मध्ये चष्मा धरा. दाबाखालच्या जागी रंगीत पट्टे दिसतात. पॉलिकार्बोनेटमध्ये साच्यातला ताण मुळातच असतो, त्यामुळे तिथे थोडे पट्टे सगळीकडे दिसणारच. पट्टे स्क्रूपाशी आणि कोपऱ्यांत दाटलेले असतील तर काच काढून पाव मिलिमीटर घासून पुन्हा बसवायला सांगा.

ऑर्डरवर काय लिहून घ्यायचं

फ्रेमचे तीन आकडे. प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी, आणि बाहुलीची उंची फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवल्यानंतर मोजलेली. आधी मोजून मग पॅड वळवले की ती उंची निरुपयोगी होते. मटेरियलचं नाव आणि इंडेक्स दोन्ही, कारण नुसतं ‘हाय इंडेक्स’ किंवा ‘अनब्रेकेबल’ म्हटलं की १.५९ चं पॉलिकार्बोनेटही त्यात बसतं आणि १.६० ची एमआर-८ ही, आणि दोघांचे ॲबे ३० आणि ४१. काच ॲस्फेरिक आहे की साधी. नंबर चारच्या पुढे असेल तर तपासणीच्या वेळी काच डोळ्यापासून किती मिलिमीटरवर होती ते. चष्मा हातात आल्यावर, पैसे पूर्ण देण्याआधी, लेन्सोमीटरवर नंबर, ॲक्सिस आणि मध्यबिंदू तुमच्यासमोर मोजून त्याच कागदावर लिहून घ्या. पुढची तक्रार आली की तुलना करायला तोच कागद लागतो.